जुन्या बलाढ्य गाडीचे नवे वायरिंग

एंजिन बिघडले की ते आवाज करते. चाकातील हवा गेली की गाडी एका अंगावर झुकते. ब्रेक झिजला की पायाला कळते. वायरिंगचे तसे नाही. तार आतल्या आत तापते, तिचे वेष्टन कडक होते, त्याला भेगा पडतात, आणि एके दिवशी डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ वर येते, तेव्हाच मालकास तिची आठवण होते. मोटारीच्या सर्व भागांत तारेइतकी स्वस्त वस्तू क्वचितच दुसरी असेल. परंतु सबंध गाडीची राख करण्याचे सामर्थ्यही त्याच स्वस्त वस्तूत आहे. म्हणून या खेपेस आम्ही या सदरात वायरिंगचा विषय घेतला आहे. तो नीट उमजावा यासाठी असे उदाहरण निवडले आहे की, ज्यात तारांवर पडणारा ताण अगदी टोकास पोहोचतो. हे उदाहरण अमेरिकेतील आहे. परंतु त्यातून निघणारे नियम आपल्या अंगणातील जीपला आणि ट्रॅक्टरलाही तंतोतंत लागू पडतात.

‘मसल कार’ कशास म्हणतात?

अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात मध्यम आकाराच्या, साध्या कौटुंबिक मोटारीत मोठे व्ही-८ एंजिन बसवून विकण्याची प्रथा पडली. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅक विभागाने ‘जीटीओ’ नावाची गाडी बाजारात आणली. बहुतेक जाणकार तिलाच या घराण्याची मूळ पुरुष मानतात. त्या काळी मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे एंजिन बसवू नये, असा त्या कंपनीचा अंतर्गत नियम होता. पाँटिअ‍ॅकच्या मंडळींनी त्यातून वाट काढली. ३८९ घनइंचांचे, ३२५ अश्वशक्तीचे एंजिन त्यांनी ‘टेम्पेस्ट लेमाँ’ या साध्या गाडीवर ‘ग्राहकाची इच्छा असल्यास’ म्हणून देऊ केले. ग्राहकांची इच्छा होतीच. मग शेव्हरोलेची शेव्हेल, फोर्डची मस्टँग, डॉजची चार्जर, प्लिमथची रोड रनर अशा गाड्यांची रांग लागली. पुढे विम्याचे हप्ते वाढले, १९७० साली हवा-शुद्धीचा कडक कायदा आला, १९७३ साली खनिज तेलाची टंचाई झाली, आणि ही लाट ओसरली. गाड्या मात्र उरल्या. आज साठीच्या घरात पोहोचलेल्या या गाड्या हौशी लोक जिवापाड सांभाळतात, आणि पुष्कळदा त्यांत मूळच्यापेक्षाही दांडगे एंजिन बसवितात.

या गाड्यांचे नाते सरळ रेषेतील शर्यतीशी फार जवळचे आहे. या शर्यतीस ‘ड्रॅग रेस’ म्हणतात, व तिच्या धावपट्टीस ‘ड्रॅग स्ट्रिप’. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्यांच्या खांबावर हिरवा दिवा लागतो, आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, जी आधी पार करील ती जिंकते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत कॅलिफोर्नियातील तरुण ही चुरस सार्वजनिक रस्त्यांवर करीत, आणि त्यात माणसे मरत. १९५१ साली वॉली पार्क्स या गृहस्थांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली, ती मुख्यतः या मुलांना रस्त्यावरून उठवून, नियम आणि देखरेख असलेल्या पट्टीवर आणण्यासाठी. १९५४ पासून या संस्थेची काही माणसे गाडीला सामानाचा ट्रेलर जोडून गावोगाव फिरली, आणि शर्यत सुरक्षितपणे कशी भरवावी हे त्यांनी ठिकठिकाणच्या मंडळांना शिकविले. आज गाडीच्या बांधणीविषयी, आणि त्यात वायरिंगविषयीही, जे नियम या पट्ट्यांवर पाळावे लागतात त्यांचा उगम येथे आहे. ते नियम कोणी टेबलाशी बसून कल्पनेने लिहिलेले नाहीत. त्यांच्यामागे अपघात आहेत.

ज्या गाडीचे वायरिंग आपण येथे पाहणार आहोत, ती दुहेरी कामाची आहे. आठवडाभर ती नंबराची पाटी लावून रस्त्यावर चालते; तिला दिवे, हॉर्न, पावसाचे वायपर सर्व काही लागते. शनिवारी तीच गाडी पट्टीवर जाते. निव्वळ शर्यतीच्या गाडीचे वायरिंग सोपे असते, कारण तिच्यात फारसे काही नसतेच. निव्वळ रस्त्याच्या गाडीचे वायरिंग कारखान्याने करून दिलेले असते. अवघड काम या दोहोंच्या मधल्या गाडीचे.

मूळचे वायरिंग किती ओझ्यासाठी होते?

साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत विजेवर चालणाऱ्या वस्तू मोजक्याच असत : दिवे, हॉर्न, वायपर, रेडिओ, हीटरचा पंखा, इग्निशनची कॉइल आणि सेल्फ. पेट्रोलचा पंप एंजिनच चालवी, आणि रेडिएटरपुढचा पंखाही एंजिनच फिरवी. त्यामुळे वीज थोडी पुरे. १९६४ च्या प्रारंभी निघालेल्या पहिल्या मस्टँग गाड्यांत तर अल्टरनेटर नव्हे, जुना डायनॅमोच होता. त्या दशकातील साध्या शेव्हरोले गाडीत जो अल्टरनेटर बसवून येई तो ३७ अँपिअरचा असे. फ्यूजच्या पेटीत काचेच्या नळीचे थोडेसे फ्यूज. कित्येक तारांना फ्यूज नसेच.

हेडलाइटचा सर्व प्रवाह डॅशबोर्डावरील बटणातूनच जाई. क्रायसलर घराण्याच्या गाड्यांत, म्हणजे डॉज व प्लिमथ यांत, आणखी एक दोष होता. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे हे दाखविण्यासाठी डॅशबोर्डावर अँपिअरमापक असे, आणि गाडीचा जवळजवळ सर्व प्रवाह त्या मापकातून जाऊन परत येई. जाता-येता तो एंजिन आणि बैठक यांमधील पत्र्याच्या भिंतीवरील प्लास्टिकच्या जोडणीतून जाई. त्या जोडणीतील चपट्या पिना लहान. त्यांवर वर्षानुवर्षे गंज चढला की त्या तापत, आणि प्लास्टिक वितळे. आजही अशी गाडी विकत घेताना जाणता माणूस प्रथम ती जोडणी उघडून, प्लास्टिक तपकिरी पडले आहे काय, हे पाहतो.

आता अशा गाडीत नव्या मालकाने काय काय वाढविले आहे याचा हिशेब मांडू. आकडे अदमासाचे आहेत. गाडीगाडीत फरक पडतो. रेडिएटरचा विजेवरील मोठा पंखा सुमारे ३० अँपिअर घेतो. विजेवरील पेट्रोलपंप १२, जोरकस इग्निशन एंजिन वेगात असताना ८, हेडलाइट ९, मागचे व डॅशबोर्डाचे दिवे ५, आणि कार्ब्युरेटर काढून संगणकी इंजेक्शन बसविले असेल तर आणखी १०. बेरीज ७४ अँपिअर झाली. मूळचा अल्टरनेटर ३७ चा. म्हणजे ओझे बरोबर दुप्पट झाले, आणि ते वाहणाऱ्या तारा त्याच राहिल्या. त्यातही अल्टरनेटर आपला पूर्ण आकडा एंजिन वेगात असतानाच देतो; दिव्यापाशी गाडी थांबून एंजिन संथ चालू असता तो त्याहून पुष्कळ कमी देतो, आणि पंख्याची खरी गरज नेमकी तेव्हाच असते.

अशा वेळी उतावळा मनुष्य काय करतो? मोठा अल्टरनेटर बसवितो आणि जुनीच तार त्याला जोडतो. हा उपाय रोगापेक्षा वाईट. लहान अल्टरनेटर फार तर दमतो. मोठा मात्र बारीक तारेतून शंभर अँपिअर ढकलू पाहतो, आणि तार पेटते.

तारेचा हिशेब

वायरिंगचे सर्व शास्त्र एका साध्या गोष्टीत साठविलेले आहे. तार प्रवाहास अडविते. बारीक तार अधिक अडविते, आणि लांब तार अधिक अडविते. अडवणुकीत दोन गोष्टी होतात : पलीकडे पोहोचणारा दाब घटतो, आणि घटलेला दाब उष्णता बनून तारेतच राहतो.

उदाहरण घेऊ. अमेरिकेत तारेची जाडी ‘गेज’ आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान तितकी तार जाड. १८ गेजच्या २० फूट तारेचा रोध सुमारे ०.१२८ ओहम असतो. तिच्यातून हेडलाइटचे १० अँपिअर नेले तर वाटेत १.२८ व्होल्ट गळतात. बारा व्होल्टच्या गाडीत हा जवळजवळ दहावा हिस्सा झाला. दहावा हिस्सा गेला तर उजेडही दहावा हिस्सा कमी होईल, असे वाचकांस वाटेल. पण तापलेल्या तंतूच्या दिव्याचा उजेड दाबापेक्षा फार झपाट्याने घटतो. दाब दहा टक्के कमी झाला की उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. आणि गळालेली वीज, जवळजवळ १३ वॅट, तारेलाच तापवीत बसते. त्याच जागी १० गेजची तार घातली तर गळती ०.२ व्होल्ट आणि उष्णता अवघी २ वॅट. दोन्ही तारांच्या किमतीत फरक किती? सबंध गाडीच्या हिशेबात तो नगण्य होय.

जुन्या गाडीचे दिवे मंद म्हणून लोक मोठे बल्ब आणतात. मोठा बल्ब अधिक प्रवाह ओढतो, अधिक दाब गळतो, बटण अधिक तापते. दोष बल्बचा नसून वाटेचा असतो. वाट रुंद करावी, म्हणजे जुनाच बल्ब पांढरा शुभ्र उजेड देतो.

फ्यूज आणि रिले

फ्यूज पंख्याला किंवा दिव्याला वाचविण्यासाठी असतो, असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. फ्यूज तारेला वाचविण्यासाठी असतो. तार कोठे तरी घासून पत्र्यास टेकली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर धावतात. त्या वेळी तार पेटण्याआधी काही तरी तुटले पाहिजे, आणि ते ‘काही तरी’ आपण ठरविलेल्या जागी तुटावे, एवढ्यासाठी फ्यूज. यावरून दोन नियम आपोआप निघतात. पहिला : फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवावा, उपकरणास जास्त लागत असेल तर आधी तार जाड करावी, मग फ्यूज वाढवावा. दुसरा : फ्यूज बॅटरीच्या बाजूस, जेथून वीज निघते तेथे अगदी जवळ असावा. पंख्याजवळ फ्यूज आणि बॅटरीपासून पंख्यापर्यंत दहा फूट उघडी तार, असे वायरिंग दिसावयास सुरक्षित आणि वास्तविक निराधार असते. नव्याने वायरिंग करताना काचेचे फ्यूज काढून चपट्या पात्यांचे आधुनिक फ्यूज बसवितात. ते घट्ट बसतात आणि गंजाने ढिले पडत नाहीत.

रिले म्हणजे विजेने चालणारे बटण. डॅशबोर्डावरील बटण त्याला केवळ इशारा देते. त्या इशाऱ्यास अँपिअरचा पाचवा हिस्साही पुरतो. मोठा प्रवाह बॅटरीकडून जाड तारेने थेट रिलेत व रिलेतून उपकरणात जातो. हेडलाइट, पंखा, पेट्रोलपंप, इंजेक्शन या प्रत्येकास स्वतंत्र रिले व स्वतंत्र फ्यूज द्यावा. यामुळे साठ वर्षांचे जुने बटणही सुखाने टिकते. पंख्याच्या बाबतीत आणखी एक फायदा आहे. किल्ली बंद केल्यावर पंखा काही क्षण आपल्याच वेगाने फिरत राहतो आणि तेवढा वेळ तो स्वतः डायनॅमो बनतो. तो इग्निशनच्या तारेला थेट जोडलेला असेल तर त्याची वीज उलटी कॉइलकडे जाते, आणि किल्ली काढली तरी एंजिन क्षणभर चालूच राहते. रिले मध्ये असला की ही वाट बंद होते.

पेट्रोलपंपाकडे मात्र वेगळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. जुना पंप एंजिन चालवीत असे. एंजिन बंद पडले की तोही थांबे. विजेवरील पंपास हे ज्ञान नसते. गाडी उलटली, नळी फुटली, एंजिन बंद पडले, तरी किल्ली चालू असेपर्यंत तो तापलेल्या एंजिनावर पेट्रोल ओततच राहील. म्हणून त्याचा रिले अशा रीतीने जोडावा की, एंजिन फिरत असेल तरच पंप चालावा. इंजेक्शनचा संगणक हे काम स्वतः करतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत तेलाच्या दाबावर चालणारा स्विच, किंवा धक्का बसताच तुटणारा स्विच, हे काम करतो. यात कुचराई करू नये. येथे प्रश्न रंगाचा वा चकाकीचा नसून गाडीत बसलेल्या माणसाच्या कातडीचा आहे.

कामाची रीत

प्रथम कागद आणि पेन्सिल, पक्कड नंतर. गाडीतील प्रत्येक उपकरण, त्याचा प्रवाह, तारेची लांबी, तारेची जाडी, रंग आणि फ्यूज यांचा तक्ता करावा. हा तक्ता पुढे गाडीबरोबर राहतो आणि दहा वर्षांनी दोष शोधणाऱ्या कारागिराचे दहा तास वाचवितो. जुनी जुडी कापून काढू नये. ती खुणा बांधून अखंड उतरवावी आणि जपून ठेवावी. मूळ अवस्थेतील गाडीला आज मोठे मोल आहे, आणि पुढील मालकास ती पूर्ववत करावीशी वाटली तर नमुना हाती असावा.

तार निवडताना तिचे वेष्टन पाहावे. साध्या पीव्हीसीचे वेष्टन सुमारे ८० अंश उष्णतेपर्यंतच भरवशाचे असते. एंजिनाजवळ, विशेषतः धुराच्या नळ्यांशेजारी, ते टिकत नाही. त्याऐवजी १२५ अंशांपर्यंत टिकणाऱ्या, जाळीबंद पॉलिथिलीनच्या वेष्टनाची तार घ्यावी. घरातील विजेची एकसंध तार गाडीत कधीही वापरू नये. गाडी सतत थरथरते, आणि एकसंध तांबे थरथरून तुटते. गाडीस बारीक तंतूंची तारच हवी.

जोड देताना डाख द्यावा की पक्कडीने दाबावा, यावर कारागीर भांडतात. योग्य पक्कडीने, योग्य टोपीत, नीट दाबलेला जोड हा गाडीसाठी अधिक चांगला. डाख तारेच्या तंतूंत पुढे झिरपतो आणि तार एका जागी ताठ होते; थरथरीने ती नेमकी त्या ताठ जागेच्या कडेस तुटते. साध्या पक्कडीने चेपलेला जोड मात्र दोन्हींहून वाईट. जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडे घालावे, आणि हातभर अंतरावर तिला पट्टीने आधार द्यावा. इग्निशनच्या संवेदकाच्या बारीक तारा प्लगच्या जाड तारांपासून दूर ठेवाव्यात. एकमेकींस ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात, नाहीतर प्लगच्या ठिणगीचा खोटा इशारा त्यांत शिरतो आणि एंजिन वेगात अडखळते.

आणि अर्थ. विजेस जाण्यास वाट लागते तशी येण्यासही लागते, हे विसरले की सर्व श्रम पाण्यात. एंजिन रबरी बैठकांवर ठेवलेले असते, म्हणजे ते पत्र्यापासून अलग असते. एंजिन ते चौकट, चौकट ते बॉडी, बॅटरी ते एंजिन, असे जाड पट्टे रंग खरवडून, उघड्या धातूवर घट्ट बसवावेत. रंगावर बसविलेला अर्थ म्हणजे दारावर रंगविलेले कुलूप. हे पट्टे नसले तरी सेल्फचा प्रवाह परत येण्याची वाट शोधतोच. मग तो अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून येतो, आणि ती केबल तापून चिकटते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल चिकटणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

पट्टीसाठी वेगळी व्यवस्था

शर्यतीच्या गाडीत बॅटरी बहुधा बॉनेटखालून काढून मागे डिकीत, उजव्या चाकाजवळ ठेवतात. बॅटरीचे वजन सुमारे १८ किलो. ते पुढून उचलून मागे ठेवले की मागील चाकांची पकड वाढते. उजवी बाजू अशासाठी की, जोराने निघताना एंजिनाच्या पिळामुळे उजवे मागचे चाक हलके होऊ पाहते. शिवाय अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्याच्या वजनासही तोल मिळतो.

परंतु बॅटरी मागे गेली की सेल्फपर्यंतची केबल लांबते. सेल्फने २०० अँपिअर ओढले आणि केबल १६ फूट असली, तर ४ गेजच्या केबलमध्ये ०.८ व्होल्ट गळतात. ‘एक-शून्य’ गेजच्या जाड केबलमध्ये ०.३. तापलेले, मोठ्या दाबाचे एंजिन फिरविताना हा अर्धा व्होल्ट निर्णायक ठरतो. म्हणून तेथे वेल्डिंगसाठी वापरतात तशी जाड, लवचिक केबल घालतात. बॅटरी धातूच्या पट्ट्यांनी व जाड बोल्टांनी आवळलेली असावी लागते. आणि बॅटरी व चालक यांच्यामध्ये धातूची भिंत, किंवा बाहेर वायू सोडणारी बंद पेटी असावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. बॅटरी अशी हलविली की गाडीच्या अगदी मागच्या टोकास, बाहेरून हात पोहोचेल असा, एक मुख्य तोडबटण बसवावेच लागते. ते बॅटरीच्या धन बाजूस असावे, त्यावर ‘बंद’ची खूण स्पष्ट असावी, आणि ढकलण्या-ओढण्याचे बटण असेल तर ते आत ढकलताच बंद व्हावे. कारण उघड आहे. अपघातात चालक बेशुद्ध असतो, एंजिन गरगरत असते, पेट्रोल सांडलेले असते. धावून येणाऱ्या माणसास गाडीची काहीही माहिती नसते. त्याला विचार करावयास न लावता एका धक्क्यात सर्व थांबले पाहिजे.

येथे पुष्कळांची फसगत होते. ते केवळ बॅटरी तोडतात, आणि एंजिन चालूच राहते. कारण अल्टरनेटर फिरत असतो आणि तोच इग्निशनला वीज पुरवितो. नियम म्हणतो, सर्वच बंद झाले पाहिजे. यावर सोपा उपाय असा की, अल्टरनेटरची मुख्य तार गाडीच्या फ्यूजपेटीस न जोडता थेट मागे, तोडबटणाच्या बॅटरीकडील टोकास न्यावी. मग बटण तोडले की गाडी एकदमच बॅटरी व अल्टरनेटर या दोहोंपासून अलग होते, आणि एंजिन मरते. ही लांब तार मात्र बॅटरीच्या बाजूची असल्याने बटण बंद असतानाही जिवंत राहते. म्हणून तिला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज हवाच. दुसरा उपाय म्हणजे चार टोकांचे बटण, जे बॅटरीबरोबर अल्टरनेटरच्या चुंबकाची किंवा इग्निशनचीही वीज तोडते. कोणताही उपाय योजला तरी एंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, बटण प्रत्यक्ष दाबून पाहिल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये.

पट्टीवरची उरलेली उपकरणे स्वतंत्र पाटीवर, स्वतंत्र फ्यूजखाली ठेवावीत. पुढील ब्रेक धरून ठेवणारे ‘लाइन लॉक’ टायर तापविण्यासाठी लागते. ‘ट्रान्सब्रेक’ हे स्वयंचलित गिअरपेटीत पहिला आणि उलटा गिअर एकाच वेळी धरून गाडी जागच्या जागी रोखते, आणि चालकाने बोट उचलताच गाडी सुटते. ही दोन्ही रस्त्यावर चुकून लागली तर घात होईल. म्हणून त्यांना आधी एक मुख्य बटण असावे, आणि रस्त्यावर जाताना ते बंद करावे. गाडी न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागणार नाही, असा स्विचही आवश्यक आहे.

शेवटची परीक्षा

सर्व जोडून झाल्यावर बॅटरी एकदम लावू नये. बॅटरीच्या धन टोकात आणि केबलमध्ये एक साधा बारा व्होल्टचा बल्ब जोडावा. सर्व बटणे बंद असता बल्ब झगझगीत पेटला तर कोठे तरी शॉर्ट आहे. बल्ब पेटेल, पण तार पेटणार नाही. बल्ब शांत राहिला तर बॅटरी जोडावी आणि फ्यूज एकेक करून बसवीत जावे. शेवटी प्रत्येक मोठे उपकरण चालू ठेवून मीटरने त्याच्या तारेच्या दोन टोकांतील दाब मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक भरला तर तार बारीक आहे, किंवा जोड कच्चा आहे. मीटर खुशामत करीत नाही.

आपल्या वाचकांपैकी कोणी पाव मैलाच्या पट्टीवर उतरणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु कित्येकांच्या दारी ट्रॅक्टर आहे, जुनी जीप आहे, भाड्याने चालणारी टेम्पो-गाडी आहे. त्यांत मागाहून दिवे जोडले जातात, हॉर्न जोडले जातात, गाण्याची पेटी जोडली जाते. आणि प्रत्येक वेळी एक नवी तार, मिळेल तेथून, टेप गुंडाळून ओढली जाते. फ्यूज उडाला तर त्यावर सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळून काम भागविले जाते. त्या कागदाने फ्यूज दुरुस्त होत नाही. फ्यूजचे काम तारेकडे सोपविले जाते, आणि तार ते जळून पार पाडते. त्या गाडीत सायंकाळी शाळेतून परतणारी मुले बसलेली असतात.

तेव्हा या आठवड्यात सवड काढून आपल्या गाडीचे बॉनेट उघडावे. बॅटरीची टोके हाताने हलवून पाहावीत. हलली तर आवळावीत. अर्थाच्या पट्ट्याखालचा गंज खरवडावा. फ्यूजच्या पेटीत चांदीचा कागद असेल तर तो काढून, तारेस शोभेल त्या आकड्याचा फ्यूज बसवावा. तो पुन्हा उडाला तर त्याच्यावर रागावू नये. तो खरे बोलत आहे. कारागिरास बोलावून तार तपासून घ्यावी.